मॉक ड्रिल

लातूरच्या वृद्धाश्रमात आगीचं मॉक ड्रिल होतं. फायर ब्रिगेडच्या साहेबांनी सगळ्यांना नीट समजावलं होतं, भोंगा वाजला की हातातलं टाकून पटांगणात यायचं. केवळाबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना व्हीलचेअरवर बसवून बाहेर आणायचं काम शेजारच्या खाटेवरच्या पारूबाईंकडे.

भोंगा वाजला. पटांगणात कुणीच आलं नाही.

"खरी आग लागल्यावर येऊ की," पारूबाई खाटेवरूनच म्हणाल्या. "आता गुडघे लई दुखायलेत."

साहेब वैतागून जीपकडे निघाले, तेवढ्यात फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला. त्या उन्हाळ्यात गावातले नळ कोरडेच होते. बघता बघता काठ्या, वॉकर, हंडे घेऊन अख्खा आश्रम पटांगणात उतरला. सगळ्यांच्या पुढे पारूबाई, दोन हातांत दोन कळश्या.

"बघा, जमतंय की तुम्हाला!" साहेब खूश झाले. मग त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. "पण आजी, केवळाबाई कुठं आहेत?"

पारूबाईंनी एक कळशी आपल्या कळशीच्या पुढं सरकवली.

"ही काय. माज्या आधी नंबर लावलाय की तिचा."