मैत्रिणींचा डबा

धाकटी उद्यापासून हायस्कूलला जाणार, म्हणून आईने तिच्यासाठीही दोन नवे डबे आणले, एक तिचा, एक मैत्रिणींचा. थोरलीच्या मैत्रिणी आपल्या स्वयंपाकावर कशा तुटून पडतात, हे तिने चार वर्षं शेजारीपाजारी मिरवलं होतं. डबे दाखवायला ती मुलींच्या खोलीपाशी गेली, तर आत थोरलीची शिकवणी चालली होती. “मधल्या सुट्टीत कोणी शेजारी बसू दिलं नाही, तर मागच्या जिन्याखाली बस. मी तिथेच बसायचे. मैत्रिणींचा डबा तिथल्या कुत्र्याला घाल, तो सगळं खातो.” “आणि आईला काय सांगू?” “सगळ्यांनी बोटं चाटली म्हणायचं. तिला तेवढंच ऐकायचं असतं.” आई चोरासारखी दारातच थबकली. मैत्रिणींचा डबा तिने पाठीमागे लपवला. थोरलीने वळून पाहिलं आणि क्षणात चेहरा हसरा केला. “अगं आई, हिलाही जास्तीचं देत जा हं, मैत्रिणींसाठी.”