आईंचं ताट

"हा लाल नको, गडद काहीतरी घाल," लमदुअन म्हणाली.

इरेनाने ब्लाऊज बदलला. नवऱ्याच्या, विचाईच्या, थोरल्या बहिणीशी ती वाद घालत नसे.

सासूच्या ताटाचा आजचा स्वयंपाक तिने एकटीने केला होता. वेताच्या टोपलीत चिकट भात, वाफवलेला मासा, भाजलेल्या मिरच्यांची चटणी. अंगणात नातेवाईक भाज्या चिरत बसले होते.

"पोरी, मिरच्या भीत भीत नाही ना घातल्यास?" मावशीने विचारलं. "आमच्या थोरलीला, तुझ्या सासूला, फिकं गिळवत नाही."

"चाखून रडले, मावशी."

"मग जमलं!" सगळे हसले.

दोन वर्षांपूर्वी परदेशातून लग्न होऊन या घरात आली तेव्हा इरेनाने सासूच्या केसांत अडकलेली गवताची काडी प्रेमाने काढली होती. वडीलधाऱ्या बाईच्या डोक्याला हात! इथे तो मोठा अपमान. सासू एका शब्दाने रागावली नाही. पण त्या दिवसापासून तिने इरेनाच्या हातचा घास घेतला नाही. ताट पुढे केलं की हसून म्हणायची, "मग खाते." संध्याकाळी ते मांजराला जायचं.

इरेना शिकत गेली. मोठ्यांसमोरून वाकून जायचं, पायांचे तळवे कुणाकडे करायचे नाहीत. ताट मात्र तसंच परत येत राहिलं.

"ताई, त्यांना आवडणार नाही. विचाईला नेऊ दे ना."

"सकाळचं त्याने नेलं. आत्ताचं तुझं."

"आणि आजही नको असेल तर?"

लमदुअनने माशातला एक काटा उचलून बाजूला ठेवला. "आज नाही म्हणायची नाही ती. पाय मागे दुमडून बस, ताट ठेव, हाक मार. आणि टकटक हळू कर हं. दचकते."

इरेनाने ताट उचललं. उंबऱ्यावर पाय न देता ती आत गेली. विचाई भिंतीशी बसला होता. त्याने सरकून जागा दिली. तिने पाय दुमडले, ताट ठेवलं, माशाची मऊ बाजू पुढे वळवली. हात जोडताना तिला एकदम ते "मग खाते" ऐकावंसं वाटलं.

"आई, जेवायला या," ती म्हणाली, आणि बोटाच्या पेराने शवपेटीवर हळूच टकटक केली.