राजीखुशीने

महादेवपुऱ्यातला स्विचचा कारखाना बंद करायचं ठरलं. माद्रिदच्या भागीदार कंपनीला कागद स्पॅनिशमध्ये हवे होते, म्हणून इंग्रजी मसुदा भाषांतरासाठी कावेरीकडे आला. ‘क्लोजर’, ‘वाइंडिंग अप’, सगळ्याला तिला शब्द सापडले. अडली ती एका वाक्यापाशी: ‘कामगारांनी राजीखुशीने संमती दिली आहे.’

“सर, फाटकाबाहेर कामगार बाया अकरा दिवस उपाशी बसल्यात. कुणी दिली संमती?”

“कावेरी, तू शब्द बघ. बायांचं मी बघतो,” मॅनेजर पद्मनाभ म्हणाले.

त्या गुळगुळीत आवाजाची तिला शिसारी आली. तरी तिनं वाक्य लिहिलं. पण माद्रिदहून आलेले साहेब सहीला बसले, तेव्हा तिला राहवेना. नोकरी गेली तर गेली, असं मनाशी म्हणत ती स्पॅनिशमध्ये बोलून गेली, “हे खोटं आहे. एकीनंही संमती दिलेली नाही.”

साहेबांनी सही पुरी केली, पेनाला टोपण लावलं. मग ते मायेनं हसले.

“ठाऊक आहे, बाई. ते वाक्य मीच इंग्रजीत लिहून पाठवलं होतं. तुमच्या स्पॅनिशमध्ये ते जास्त खरं वाटतं.”