जाड, गोल अक्षर

"हे बारीक अक्षर नको. मले थे जुनं जाड, गोल अक्षर पाहिजे," भागीरथाबाई म्हणाल्या. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला त्या इतवारीतल्या छापखान्यात आल्या होत्या.

मालक मधुकरराव वैतागले. "बाई, तो टाईप झिजला. उद्या भंगारात जाऊन राहिला. हा मुंबईचा नवा टाईप पहा, कसा नाजूक आहे."

"असन नाजूक. पण मले थो वाचता येत नाही. प्रौढांच्या वर्गात मी त्या जुन्या अक्षरावरच वाचाले शिकली."

"पत्रिका तुमाले थोडीच वाचाची आहे? पाहुण्यांले वाचाची आहे."

बाई बाकावर बसल्या त्या उठेचनात. शेवटी छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या लहानूने जुन्या टाईपाचं भंगाराचं पोतं जमिनीवर ओतलं. त्यात अक्षरांचे धड खिळे इतके थोडे निघाले की एका वेळी चारच ओळी जुळत. त्याने चार ओळी जुळवल्या, छापल्या, सुट्या केल्या आणि त्याच खिळ्यांनी पुढच्या चार जुळवल्या. तीन दिवस लागले. तिन्ही दिवस आपली मिलमधली पाळी सुटली की बाई येऊन बसत.

पत्रिका हातात आल्यावर त्यांनी ओळींखाली बोट फिरवत एक मोठ्याने वाचली. मग चौदा पत्रिका वेगळ्या काढल्या.

"ह्या आमच्या वर्गातल्या बायांच्या," त्या लहानूला म्हणाल्या. "आजवर घरी पत्रिका आली का आमी दुसऱ्याच्या दारी वाचून घ्याले जाओ. ह्या मी फक्त हाती देतो. वाचतीन थ्या सवताच."