केसरचा डावा हात

कान्हाची होडी वादळात हरवली त्याला महिना झाला. त्याचे दिवस करायचं घरात ठरलं आणि त्या सकाळपासून त्याच्या बायकोचा, केसरचा, डावा हात काखेत दुमडून लाकडासारखा ताठला. सुनेचा हात कायमचा जाईल या धास्तीने सोनूबाईने तिला मुरुडला संमोहनाच्या डॉक्टरकडे आणलं.

केसरचे डोळे मिटले. "हात हलका होतोय, सुटतोय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. मनगट खरंच काखेतून बाहेर सरकू लागलं.

"नको!" केसर गुंगीतच कळवळली. "उजव्या हातातल्या बांगड्या लग्नात दर्याला दिल्या, धन्याला राखावं म्हणून. ह्या डाव्या हातातल्या फोडल्या, की त्याला मेलाच म्हनतील."

सोनूबाईने घाईघाईने डॉक्टरांचं मनगट धरलं.

"उठवा तिला, डागदर. हात ऱ्हाऊ दे तसाच."