नानखटाईतला कडवटपणा

हेमांगीने आईच्या नानखटाईची चव सकाळी आपल्या ब्लॉगवर चढवली आणि दुपारपर्यंत नऊ हजार वाचकांनी जिभेवर चव उतरवणारी पट्टी ठेवून ती चाखली. चव तिच्या स्वतःच्या आठवणीतून जशीच्या तशी उचललेली होती: वय वर्षं सात, शनिवारची संध्याकाळ, वाळूच्या पातेल्यात भाजलेली गरम नानखटाई आणि मग गाढ झोप. खाली तिने लिहिलं होतं, 'मागून येणारा कडवटपणा आईच्या जायफळाचा.'

कौतुकाच्या ढिगात वसईच्या फिलोमिना डाबरेंनी लिहिलं होतं, 'बाळा, मी तीस वर्षं नर्स होते. झोपेच्या गोळ्या कुटताना पूड उडून ओठांवर बसायची. हे जायफळ नव्हे.'

हेमांगी पट्टी घेऊन तडक स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत होती, डाव्या हाताने, कारण उजवं मनगट फार पूर्वी मोरीत पडल्यापासून वाकडं होतं.

"आई, चाखून बघ."

आईने पट्टी जिभेवर ठेवली आणि लगेच काढली.

"काय घालायचीस यात?"

आईने पट्टी बाजूला ठेवली. "आधी नुसतं जायफळच घालून पाहिलं गं. पण बाबा पिऊन आले, आरडाओरडा झाला, की तू उठून दारात यायचीस."

हेमांगीची नजर त्या मनगटावर खिळली.

"तुला त्यातलं काही आठवतं का?" आईने घाबरत विचारलं.

"नाही."

"मग जमली म्हणायची नानखटाई," आई म्हणाली आणि पुन्हा मटार सोलू लागली.