दहावं बूच

नवऱ्यानं कारखान्यातली, तान्ह्यांच्या दूधबाटलीची दहा रबरी, चोखायची बुचं तिच्यापुढं ओतली. “यांना ब्लेडनं चिरा पाड. उद्या चांगल्या मालात गुपचूप मिसळतो. तपासणाऱ्या बायांची परीक्षाच घेतो. प्रयागबाई दहाच्या दहा पकडते, पाह्यजो!” ऊठसूट प्रयागबाई! जेवतानाही तिच्याच नजरेचं कौतुक. बाळाला मांडीवर थोपटत तिनं नऊ बुचांना ठसठशीत चिरा पाडल्या. दहाव्याला काठाखाली, आतल्या अंगानं, केसाएवढीच. दुसऱ्या दिवशी दुपारीच नवरा धापा टाकत आला. “प्रयागबाईच्या हातून एक सुटलं. पकडलेली बुचं मोजायच्या आधीच मालाची गाडी बेल्लमपल्लीला गेली.” तिला हसू आवरेना. “फुटले ना तुमच्या प्रयागबाईचे डोळे?” “अवं, तुकडा तुटून एखाद्या लेकराच्या घशात गेला तं? ती रडून राह्यली. तिला घेऊन जीपनं गाडीमागं जातो.” बाळाला कवटाळून तिनं चपला घातल्या. “थांबा. चीर कुठं हाये ते मलाच माहीत.”